ठेंगूचा पट्टा

२ जानेवारी

हो म्हणून बसलो! म्हणजे मी तोंडही उघडलं नव्हतं. छोटीने परस्पर उभं राहून सांगून टाकलं.

शाळेत रोबोटच्या संघाच्या पालकांची बैठक होती. मागच्या वर्षी भाड्याचा टेम्पो केला होता, त्याने वाटेत यंत्र आडवं पाडलं आणि मुलं स्पर्धेच्या दारातून परत आली. तो विषय निघाला की सरांचा चेहरा अजून उतरतो. "या वर्षी सामान कोण नेणार?" त्यांनी विचारलं, आणि सगळे पालक एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. मीही बघत होतो. तेवढ्यात आमची लेक उभी! "माझे बाबा नेतील. त्यांचं काचेचं दुकान आहे. इतक्या वर्षांत त्यांनी वाटेत एक काच फोडलेली नाही."

टाळ्या! टाळ्या कसल्या वाजवायच्या त्यात?

खरं आहे म्हणा. वाटेत नाही फोडली. बसवताना फोडल्यात, पण त्या तिला माहीत नाहीत.

संघातली मोठी मुलं यंदा शाळा सोडणार. म्हणजे त्यांची ही शेवटची स्पर्धा. ती आता माझ्या गाडीत बसून जाणार. घरी आल्या आल्या गाडीतले पट्टे तपासले. ही हसतेय. "आता झोपेतही पट्टे आवळाल," म्हणते.

४ जानेवारी

सामान बघून आलो. शाळेत जिन्याखाली एक खोली दिली आहे, तिथे सगळा संसार. मला वाटलं होतं एखादं खोकं असेल. बाप रे! ड्रिल मशीन, करवती, पाने, स्क्रू ड्रायव्हर, वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, चार्जर, सुटी चाकं, सुट्या मोटरी, घडीचं टेबल. आणि या सगळ्यांच्या मध्ये ठेंगू.

ठेंगू म्हणजे तो रोबोट. माझ्या गुडघ्याएवढा, चौकोनी, खाली चार चाकं आणि वर एक हात. त्या हाताने चेंडू उचलून टोपलीत टाकतो. चौकट मात्र आपल्या ओळखीची निघाली, ॲल्युमिनियमची. आपण खिडक्यांना लावतो त्याहून पातळ. बरं वाटलं, परक्या लग्नात एखादा ओळखीचा भेटावा तसं.

मुलं चांगली आहेत. उंच मुलगा कप्तान, रिमोट त्याच्या हातात. सगळे त्याला लंबू म्हणतात. चाकं आणि मोटरी बसवणारा तो चष्मिस. प्रोग्राम आमच्या छोटीचा. लंबू मला म्हणाला, "काका, ठेंगूला काही झालं ना, तर आम्ही मेलोच."

अशा शब्दांत सांगायची काही गरज होती का?

९ जानेवारी

तयारी चालू. गाडीतला काचेचा तिरका स्टँड काढला, खाली प्लायवूड टाकलं. हिने जुने पडदे शिवून गाद्या करून दिल्या. बॅटऱ्यांचं खोकं वेगळं, हत्यारांचं वेगळं. ठेंगूसाठी रॅचेटचे पट्टे, तेच ते, दांडा मागेपुढे केला की कट्ट कट्ट करत आवळत जातात.

काचेचं एक आहे. सैल बांधली की खडखडते, आणि खडखडली की गेली. आवळून बांधली की गप्प बसते. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

१० जानेवारी

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "अहो, परीक्षा तुमची आहे की तिची?" उठून पट्टे मोजायला गेलो.

११ जानेवारी

पोचलो! सगळं सुखरूप!

पण आधी रस्ता. पुलाचं काम चालू म्हणून गाड्या कच्च्या वाटेने वळवलेल्या. खड्ड्यात खड्डा! मागून प्रत्येक धक्क्याला काहीतरी वाजायचं आणि मी आरशात मागे बघायचो. छोटी शेजारी कानात गाणी घालून बसलेली. तिला काही चिंता नाही, कारण तिचे बाबा एक काच फोडत नाहीत. शेवटी गाडी कडेला घेतली, मागे चढलो. ठेंगू थोडा हलत होता. पट्टा आणखी आवळला. कट्ट. परत एकदा हलवून बघितलं, परत आवळला. कट्ट कट्ट. मग नाही हलला. मग जिवात जीव आला.

तिथे भला मोठा हॉल. प्रत्येक संघाला एक टेबल. मुलांनी ठेंगूला उचलून टेबलावर ठेवलं, हात वर करून बघितला, चाकं फिरवून बघितली, आणि सगळी ओरडली. सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सोडेचनात.

मग खेळ. पहिले काही क्षण यंत्राने आपलं आपण चालायचं असतं, रिमोटला हात लावायचा नाही. ठेंगूने नाकासमोर जाऊन टोपली गाठायची. निघाला आणि डावीकडे गेला! टोपली राहिली बाजूला. नंतर लंबूने रिमोटवर सांभाळून घेतलं म्हणून पुढच्या फेरीत कसेबसे घुसलो.

"चाकं नीट बसली नसतील," लंबू म्हणाला. चष्मिसचे कान लाल झाले. सर म्हणाले, "निदान वाटेत काही झालं नाही. त्याबद्दल काकांचे आभार."

परत येताना मी शीळ घालत होतो.

१३ जानेवारी

नको ते दिसलं.

सामान उतरवायला शाळेत गेलो होतो. मुलं वर्गात. ठेंगूला खोलीत ठेवलं आणि त्याच्या चौकटीवर एक रेघ दिसली. पट्ट्याच्या रुंदीची. रंग दबलेला. बोट फिरवलं तर बोटाला कळलं, पट्टी आत गेली आहे.

टेप माझ्या खिशात असतेच. खिडकीची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते कसं बघतात? एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजायचं, मग दुसऱ्या जोडीचं. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट सरळ. ठेंगूची सारखी नाहीत. फरक तांदळाच्या दाण्याएवढा. पण दाण्याएवढ्या फरकाने खिडकीचं दार अडकतं हे मला कोणी सांगायला नको. एक चाक जेमतेम टेकतंय. म्हणून तो डावीकडे जातो!

काच आवळली की गप्प बसते. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी आवळली की वाकते. शेंबड्या पोराला कळेल! मला कळलं नाही, कारण माझे हात काचेचे.

मी फोडलं नाही. मी वाकवलं. ते जास्त वाईट, कोणाला दिसतही नाही.

१४ जानेवारी

आज सांगणार.

१५ जानेवारी

नाही सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. छोटी त्यांना सांगत होती, "आमचं सामान बाबा नेतात. दुसऱ्या शाळेचा तर हातच तुटला वाटेत! आमचा एक स्क्रू हलला नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

१९ जानेवारी

शाळेत खोकं पोचवायला गेलो, तिथेच थांबलो. थांबायला नको होतं. मुलं ठेंगूच्या मागे हात धुऊन लागली आहेत. चाकं बदलली, मोटरींची अदलाबदल केली. तरी डावीकडेच. लंबू चिडला. "तू बसवलीस ना चाकं? मग तूच सांग!" असं चष्मिसला सगळ्यांसमोर बोलला. चष्मिसने पाना खाली ठेवला, दप्तर उचललं आणि गेला.

मी तिथे उभा. हातात खोकं. तोंडात मूग.

आत्ता बोल, आत्ता बोल, असं स्वतःला म्हणत होतो. तेवढ्यात छोटी म्हणाली, "थांबा, मी प्रोग्राममध्ये बघते." आणि क्षण निघून गेला. असे क्षण कसे पटकन जातात! मी त्याला जाऊ दिला, हे खरं.

२१ जानेवारी

चष्मिस शाळेत येतो, पण खोलीत येत नाही म्हणे. छोटीने जेवताना सांगितलं. मी ताट सरकवलं. ही म्हणाली, "मीठ जास्त झालंय का?" म्हटलं, हो. मीठ व्यवस्थित होतं. आता हिच्याही स्वयंपाकावर खोटा आळ.

२४ जानेवारी

हे काय अक्रीत! ठेंगू सरळ चालला!

छोटीनेच बोलावलं, "बाबा, या ना बघायला." चष्मिसही परत आलेला, लंबू त्याच्या खांद्यावर हात टाकून. खडूने रेघ मारलेली, ठेंगू तिच्यावरून सरळ गेला आणि टोपलीपाशी थांबला. "जमलं एकदाचं," छोटी म्हणाली. काय केलं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, प्रोग्राममधली भानगड होती."

म्हणजे माझ्यामुळे नव्हतंच? हलकं हलकं वाटलं. मुलं बॅटरी आणायला गेली तेव्हा गुपचूप टेप लावली. फरक तसाच! तांदळाचा दाणा जागच्या जागी!

वाकडी चौकट सरळ चालते कशी? हे नशीब आहे. आणि नशीब किती दिवस पुरणार? मोठ्या मैदानावर, सगळ्यांसमोर, एखाद्या फेरीत ते चाक उचलणार आणि पोरांचं तोंड काळं होणार. माझ्यामुळे.

३१ जानेवारी

उद्या दुसरी स्पर्धा. पट्ट्याखाली आता रबर, रबरावर हिची गादी. हात आपोआप आवळायला जातो, त्याला मागे खेचावं लागतं.

१ फेब्रुवारी

जिंकलो म्हटलं तरी चालेल. अंतिम फेरीत गेलो! ठेंगू प्रत्येक वेळी सरळ. आरडाओरडा, मिठ्या. सरांनी चष्मा पुसला.

पण सकाळचं मनातून जात नाही. ठेंगूला गाडीत चढवलं आणि मी पट्टा घेतला, तर छोटी म्हणाली, "बाबा, द्या इकडे, मी लावते." माझ्या हातातून पट्टा घेतला! गाडी माझी, पट्टा माझा, धंदा माझा. लंबूही म्हणाला, "काका, तुम्ही फक्त गाडी चालवा. तुमच्यासारखी कोणी चालवत नाही." चष्मिसने चहा आणून दिला, न मागता. मुलं आज फारच गोड बोलत होती. आजारी माणसाशी बोलतात तसं.

तिने पट्टा सैलसर लावला. मी बघितलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो. एरवी मी तिला सैल बांधू दिलं असतं का? भरवसा उडाला की काय माझ्यावरचा? पण मग काकूंना कालच परत सांगत होती, "माझे बाबा..." वगैरे. डोकं चालत नाही.

५ फेब्रुवारी

दुकानात एक आरसा चुकीच्या मापाचा कापला. असं होत नाही माझं.

१२ फेब्रुवारी

स्वप्नात ठेंगू डावीकडे जात होता आणि थांबतच नव्हता. हॉलच्या बाहेर गेला, रस्त्याला लागला. मी मागून टेप घेऊन पळतोय.

हिला सांगून टाकलं सगळं. ही शिवत होती, मशीन थांबवलं. "मग मुलांना सांगा की! खातील का काय तुम्हाला?" म्हटलं, खाणार नाहीत. पण छोटीचा चेहरा? ती सभेत उभी राहिली तो चेहरा मला अजून हवा आहे. हिने मशीन परत चालू केलं. तो आवाज मला चांगला समजतो.

१७ फेब्रुवारी

मार्ग सापडला! अंतिम फेरीच्या स्पर्धेला पहाटे निघायचं आहे आणि शाळेचं फाटक तेव्हा उघडत नाही. म्हणून सर म्हणाले, सामान आदल्या दिवशीच तुमच्या दुकानात आणून ठेवा. म्हणजे शनिवारची दुपार ठेंगू माझ्याकडे. माझ्या टेबलावर. माझ्या शिकंज्यात.

वाकलेल्या चौकटी सरळ करणं मला येतं. यंत्र सुटं करायचीही गरज नाही. लाकडाचा ठोकळा, शिकंजा, हळूहळू दाब. कोणाला सांगायला नको, कोणाला कळायला नको. केलं मी, निस्तरलं मी.

२१ फेब्रुवारी

झालं!!

दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं होतं. एक गिऱ्हाईक वाकून आलं, त्याला सोमवारी या म्हटलं. ठेंगूला टेबलावर घेतलं, वायरींना धक्का न लावता लाकडाचा ठोकळा आतून बसवला आणि शिकंजा फिरवत गेलो. थोडा, मग टेप. आणखी थोडा, मग टेप. ॲल्युमिनियमशी घाई केली की ते सूड घेतं. शेवटी दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली. गुण्या लावला, चारही कोपरे काटकोनात. चारही चाकं टेबलाला टेकली. कागद खाली सरकवून बघितला, एकाही चाकाखाली जाईना.

पट्ट्याची रेघसुद्धा पॉलिशने घालवली. आता नशिबावर काही नाही.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. ही म्हणाली, "सांगितलंत वाटतं?" म्हटलं, त्याहून चांगलं केलं.

२२ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहितो.

पहिली फेरी. हॉल गच्च. मी कठड्याला टेकून, आज भीती नाही, आज मला माहीत होतं की चौकट गुण्यात आहे. शिट्टी झाली. ठेंगू निघाला आणि उजवीकडे वळला. उजवीकडे! सरळ जाऊन कडेच्या फळीवर आदळला, हात फळीच्या कोपऱ्यात अडकला. लंबू रिमोट दाबतोय, चाकं जागच्या जागी फिरताहेत. फेरी संपेपर्यंत तो तिथेच. शून्य.

टेबलापाशी आणला. हात शाबूत होता, चाकं शाबूत. छोटी पांढरीफटक पडली होती. लॅपटॉप उघडला, मग बंद केला. मग चौकटीवर अंगठा फिरवला, जिथे रेघ होती तिथे. मग माझ्याकडे आली, माझ्या शर्टाच्या खिशातून टेप काढली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं. दोन्हीकडून. हे मोजणं तिला मीच शिकवलेलं, लहानपणी, दुकानात, खेळ म्हणून. टेप परत माझ्या खिशात ठेवली.

लंबू काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्याकडे बघितलं. तो रिमोट पुसायला लागला. मग ती सगळ्यांना म्हणाली, "माझी चूक आहे. प्रोग्राममध्ये एक आकडा जास्तीचा आहे. काढते."

माझी चूक म्हणाली ती! आणि मी तिथेच उभा, टेप खिशात.

नंतरच्या सगळ्या फेऱ्या ठेंगू दोरी लावल्यासारखा सरळ गेला. सगळ्या जिंकल्या. पण पहिल्या शून्याने घात केला. एका जागेने बक्षीस गेलं. लंबू भिंतीकडे तोंड करून रडला. सहा फुटी मुलगा! त्याला पुढचं वर्ष नाही.

परतीच्या वाटेवर छोटी झोपली, की डोळे मिटून बसली, मला कळलं नाही.

२३ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही. बसून कोडं सोडवतोय. चौकट वाकडी होती, म्हणून तो डावीकडे जायचा. तिने आकडा घालून त्याला उजवीकडे ढकललं, म्हणून तो सरळ गेला. मी चौकट सरळ केली, तिचा आकडा तसाच राहिला, म्हणून तो उजवीकडे गेला. एवढं साधं! म्हणजे हरलो ते माझ्या वाकवण्याने नाही, माझ्या दुरुस्तीने. नाही, माझ्या न बोलण्याने.

तिला चौकटीचं कळलं आहे. टेप घेतली तेव्हाच कळलं. आणि तरी सगळ्यांसमोर दोष स्वतःवर घेतला. माझ्या लेकीने माझ्यासाठी शिव्या खायच्या? नाही. परवा संघ सामान लावायला जमणार आहे. जाणार आणि सगळं सांगणार. मग पुढच्या वर्षी मला सामान न्यायला नाही सांगितलं तरी चालेल.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. जिन्याखालच्या खोलीत, सगळ्यांसमोर उभं राहून. पट्टा मी आवळला, चौकट माझ्यामुळे वाकली, आणि शनिवारी मीच ती चोरून सरळ केली.

छोटी खाली बघत होती. मग चष्मिस म्हणाला, "काका, पट्ट्याचं आम्हाला जानेवारीपासूनच माहीत आहे." छोटीनेच तेव्हा मोजून सगळ्यांना सांगितलं होतं, सरांनाही. आणि सगळ्यांकडून शपथ घेतली होती, बाबांना कळू द्यायचं नाही, कळलं तर ते परत आमचं सामान न्यायचे नाहीत. म्हणून तो आकडा. म्हणून चहा. मी हत्यारांच्या पेटीवर बसलो.

लंबू माझ्या शेजारी येऊन बसला, त्याच पेटीवर. "तुम्ही वाकवलेलं आम्ही धरून चाललो होतो, काका," तो म्हणाला. "तुम्ही ते सरळ कराल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही."